अंधारातलं धुणं

आमच्या घरात धुणं दोन तऱ्हेचं होतं. एक भीमेच्या घाटावरचं, दिवसाउजेडी, बायकांच्या गप्पांत आपटलं जाणारं. दुसरं रात्रीचं, कोठीच्या खोलीत, दार लावून करायचं. पहिल्याला नुसतं धुणं म्हणत, दुसऱ्याला ‘फोटूचं धुणं’. दोन्ही नानीच करायची.

नानी म्हणजे माझी चुलती. चुलत्याला घरातली आणि गावातली सगळी आण्णा म्हणत. आण्णांची बाजारगावी एका खोलीत फोटोची गादी होती. मागं बागेचा आणि जिन्याचा रंगवलेला पडदा, पुढं एक लाकडी खुर्ची, शेजारी कागदी फुलांची कुंडी. लग्न ठरायच्या आधी मुलीचा फोटो, लग्नानंतर जोडीचा फोटो, पोर झालं की त्याचा उघडा-नागडा फोटो, आणि माणूस गेलं की हार घालायला त्याच जोडीच्या फोटोतनं कापून मोठा केलेला फोटो. पंचक्रोशीतल्या माणसाचं आख्खं आयुष्य त्या पडद्यापुढनं जायचं.

कॅमेरा सागवानी होता. चामड्याचा भाता, पितळेची भिंगाची नळी, खाली तीन पायांची घोडी. आण्णा डोक्यावर काळं कापड घेऊन आत घुसले की लहान पोरं रडायची. आत काचेवर माणूस उलटा दिसायचा, पाय वर आणि डोकं खाली. एकदा मला दाखवलं तेव्हा मी विचारलं, “आण्णा, माणसं पडत कशी न्हाईत?” ते म्हणाले, “पडत्यात की. म्हणून तर रात्री धुऊन सरळ करायची.”

फोटोच्या इतिहासाची पुस्तकं मी पुढं शहरात वाचली. त्यात कॅमेऱ्यांची चित्रं असतात, भिंगांची वर्णनं असतात, फोटो काढणाऱ्यांची नावं असतात. धुणाऱ्याबद्दल फार तर दोन ओळी. खरं तर कॅमेऱ्यातनं निघालेल्या फिल्मवर डोळ्यांना काहीच दिसत नसतं. चित्र आत असतं, पण झोपलेलं. ते उठतं ट्रेमध्ये. आणि ते सगळीकडनं सारखं उठलं पाहिजे, नाहीतर भिंगानं केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते. आमच्या नानीनं आयुष्यभर तेवढंच एक काम केलं: चित्र सारखं उठवायचं.

सुरुवातीच्या काळात तर काढणारा आणि धुणारा वेगळा होऊच शकत नव्हता. १८५१ साली इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानं ओल्या काचेची रीत काढली. काचेवर कलोडियनचा थर ओतायचा, चांदीच्या क्षारात बुडवायचा, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायचा. थर वाळला की काम बाद. म्हणून तेव्हाचे फोटोग्राफर तंबू, बाटल्या आणि पाण्याची पिंपं बैलगाडीत घालून हिंडत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तीही याच काळात. पुढं १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरानं जिलेटिनची, म्हणजे सरसाची, कोरडी काच सुचवली. दहाएक वर्षांत कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या काचा डब्यातनं मिळू लागल्या. आज फोटो काढा, आठवड्यानं धुवा, चालतंय. तेव्हापास्नं तंबू गेला आणि धुणं घरात आलं. आणि घरात आलेलं काम कुणाच्या अंगावर पडतं, हे सांगायला नको.

आमच्याच घरी असं होत होतं असंही नाही. दादासाहेब फाळके सिनेमाकडं वळण्याआधी गोध्र्यात फोटोची गादी चालवत होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला, तेव्हा पडद्यावर नाव फाळक्यांचं होतं. पण कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडायची, रसायनं कालवायची, धुवायला हात लावायचा, हे दादरच्या घरात अंधारात बसून सरस्वतीबाई करत होत्या. शिवाय कामावरच्या माणसांचा स्वयंपाक होताच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सरस्वतीबाई दिसल्या नाहीत, कोठीतली नानी दिसली.

आण्णांनी धंदा सुरू केला तो काचेवर. काच फुटायची, जड असायची. पुढं कट फिल्म आली. रोलसारखी गुंडाळलेली नाही, पत्त्यासारखी सुटी. काचेच्याच मापाची, क्वार्टर, हाफ, फुल. पत्र्याच्या पातळ चौकटीत सरकवली की काचेच्याच जुन्या खोक्यात बसायची. आण्णा बहुतेक हाफ प्लेट वापरत, पावणेपाच बाय साडेसहा इंच. तेवढ्याच आकाराचा फोटो, फिल्म कागदाला चिकटवून छापलेला. मोठा करायची भानगड नाही. परदेशी मालाच्या आयातीवर तेव्हा बंधनं होती. फिल्मचा डबा पुण्याहून यायचा, कधी मिळायचा, कधी नाही. त्यामुळं एकेक फिल्म म्हणजे सोन्याचं पान.

धुण्याची तयारी दुपारपासनं चालायची. नानी आधी कोठी झाडायची आणि पाणी शिंपडायची, म्हणजे धूळ बसते. कोठीला खिडकी नव्हती, त्यासाठीच ती निवडलेली. कणग्या एका भिंतीला सरकवलेल्या. दाराच्या फटीत गोणपाट, वरनं दुहेरी वाकळ. आण्णा सोनाराच्या तराजूवर रसायनं तोलायचे. एक लिटर पाण्याला मेटॉल दोन ग्रॅम, सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, टाकणखार दोन. ही डी-७६ ची कृती आण्णांच्या वहीच्या पहिल्या पानावर होती आणि नानीला, अक्षर वाचता येत नसताना, तोंडपाठ होती. मेटॉल आधी विरघळवायचं, सल्फाइट नंतर, हा क्रम चुकला की मेटॉल विरघळत नाही. नानी म्हणायची, “फोडणीत मोहरी आधी, हिंग मागनं, तसंच हाय ते.” टाकणखार घरात होताच, पोरांच्या तोंडात फोड आले की लावायला. हायपोत घालायला तुरटीही घरातलीच, आण्णांच्या दाढीची. तिनं सरस आखडतो, घट्ट होतो.

सरस कशापास्नं होतो हे आण्णांनी नानीला बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. हाडं आणि कातडं उकळून. नानी माळकरी. कळलं तेव्हा तिनं आण्णांकडं एकदा बघितलं, मग म्हणाली, “मेलेलं जनावर मान्सं जित्ती ठिवतंय, म्हंजी पुण्यच लागल त्याला.” आणि ट्रे धुवायला घेतले.

ट्रे इनॅमलचे, पांढरे, निळ्या काठाचे. जमिनीवर ओळीनं चार. पहिल्यात साधं पाणी, दुसऱ्यात डेव्हलपर, तिसऱ्यात परत पाणी, चौथ्यात हायपो. चारीतलं पाणी सारख्याच थंडाव्याचं हवं. एक गार आणि एक कोमट झालं की सरस फुगतो-आकसतो आणि थराला जाळी पडते. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे विहिरीचं पाणीसुद्धा दुपारी अंगाला लागत नाही. अशा पाण्यात फिल्मच्या कडेनं साल सुटायची. म्हणून उन्हाळ्यात धुणं पहाटे तीनला. आदल्या रात्री माठ भरून अंगणात ठेवायचे, त्यांना ओलं फडकं गुंडाळायचं, आणि त्याच गार पाण्याच्या परातीत डेव्हलपरचा ट्रे बसवायचा. थंडीत नऊ-दहा मिनिटं लागायची, तेच काम उकाड्यात पाचात व्हायचं. आणि काम जितकं झटपट, तितका डाग पडायचा धोका जास्ती. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे वाकडं झालं, ते सरळ करायला पुढं वेळच उरत नाही.

जुन्या काचा तांबड्या दिव्यात धुता येत. कंदिलाला तांबडी काच लावली की चित्र उमटताना डोळ्यांनी बघता यायचं. पण नव्या फिल्मला सगळे रंग दिसत, तांबडासुद्धा. तिच्यासाठी पुरता अंधार. डोळे असून नसल्यासारखे. आण्णांचं तिथंच अडलं. त्यांचा हात तापट होता. एकेक फिल्म सुटी धुतली तरी ट्रे एकाच ठेक्यात हलवायचे, डावं-उजवं, डावं-उजवं. पाणी काठाला आपटून परत यायचं आणि फिल्मच्या कडेला जास्ती काम करायचं. मग छापल्यावर फोटोच्या कडा फिक्या आणि मधला भाग मळका. माणसाच्या तोंडावर ते कळत नाही, कपड्याच्या चुण्यांत खपून जातं. पण पांढरी भिंत, पांढरं धोतर, मोकळं आभाळ आलं की सगळी चोरी उघडी. आभाळाला लपवता येत नाही काही.

असं का होतं, ते आण्णांनीच मला पुढं समजावलं. डेव्हलपर फिल्मवर काम करतं तसं तिथल्या तिथं दमतं. जिथं उजेड जास्ती पडलाय तिथं लवकर दमतं, आणि त्यातनं जो ब्रोमाइड सुटतो तो पुढचं काम अडवतो. दमलेलं पाणी सरलं पाहिजे, ताजं आलं पाहिजे, आणि ते सगळ्या फिल्मवर सारखं आलं पाहिजे. हलवलं नाही तर डाग, फार हलवलं तर डाग, एकाच चालीनं हलवलं तरी डाग.

नानीला यातलं ब्रोमाइड ठाऊक नव्हतं. तिला भाकरी ठाऊक होती. ती म्हणायची, “भाकर थापताना बोटं काठाकाठानं फिरवली न्हाईत, तर काठ जाड ऱ्हातो आन् कच्चा निगतो. निसती काठावरच फिरवली तर मधी गोळा ऱ्हातो. हात समदीकडं गेला पायजेल, आन् कुटं गेला ते कळाया नगं.”

ती सहा फिल्म एकदम धुवायची. आधी सगळ्यांच्या कोपऱ्याच्या खाचा बोटानं चाचपायची. फिल्म उभी धरून खाच उजव्या हाताला वर आली की मसाल्याची बाजू आपल्याकडं. थराला आमच्या घरात मसालाच म्हणत. मग मसाला वर ठेवून एकेक फिल्म साध्या पाण्यात सोडायची. एक बुडली, भिजली, खाली गेली, की दुसरी. हे पहिलं पाणी फार महत्त्वाचं. कोरडा सरस पाणी पितो. कोरडी फिल्म ओल्या फिल्मवर पडली तर दोन्ही पापडासारख्या चिकटतात. शिवाय पाणी प्यायलेला थर पुढं डेव्हलपरही सारखं पितो, आणि अंगाला चिकटलेले हवेचे बुडबुडेही इथंच सुटतात. नाहीतर एकेका बुडबुड्याचा एकेक ठिपका.

मग गड्डी डेव्हलपरमध्ये. आता हात चालू. सगळ्यात खालची फिल्म काठानं अलगद ओढायची, वर आणायची, सपाट ठेवायची, बोटांच्या पोटानं हलकेच दाबायची. परत खालची. पाच सेकंदाला एक, सहांचा फेरा अर्ध्या मिनिटात. दर थोड्या फेऱ्यांनी गड्डी फिरवून घ्यायची, म्हणजे रोज एकाच काठाला हात लागत नाही. पहिली फिल्म उलट्या खाचेनं ठेवलेली असायची. ती हाताला लागली की एक फेरा पुरा. नख लागता कामा नये, एका फिल्मचा कोपरा दुसरीच्या अंगाला लागता कामा नये. ओला सरस म्हणजे सायीसारखा, ओरखडा आला तर कायमचा.

आणि वेळ? अंधारात घड्याळ कसलं. नानी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, हळू आवाजात, एका चालीत. आण्णांनी एकदा दिव्यात बसून घड्याळ समोर ठेवून तिच्या ओव्या मोजल्या होत्या. थंडीच्या ओव्या किती, उन्हाळ्याच्या किती, हे वहीत लिहून ठेवलं होतं. दाराबाहेर झोपलेल्या आम्हा पोरांना आतनं ओव्या ऐकू यायच्या, जातं मात्र नसायचं. पाहुणा मुक्कामाला असला तर तो दचकायचा.

सकाळी ओसरीत दोरीवर फिल्म वाळत असायच्या. माणसं काळी, केस पांढरे, आभाळ काळंकुट्ट. आण्णा एकेक उजेडाकडं धरून बघायचे आणि आभाळावर बोट फिरवून म्हणायचे, “कसं सारखं आलंय बघ. येक डाग न्हाई.” नानीला नाही, मला म्हणायचे. ती तेव्हा चुलीपुढं असायची. फोटोच्या पाठीवर जांभळा शिक्का बसायचा, त्यात नाव आण्णांचं.

नानीचे हात बिघडायला लागले ते मी पाचवीत असताना. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज. मग कातडी लाल, मग भेगा. रात्री ती हात ताटात थंड पाण्यात घालून बसायची. घरात म्हणायचे, सोड्यानं होतंय, राखेनं होतंय. तिनं भांडी घासायची माती बदलली, खोबरेल लावलं, हळद लावली. भाकरीच्या पिठात गरम पाणी घातलं की डोळ्यांत पाणी यायचं. तालुक्याच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, “काम काय करता?” तिनं सगळी कामं सांगितली, फोटोचं सांगितलं नाही. ते काम असतं असं तिला वाटलंच नव्हतं. ते आण्णांचं होतं.

आण्णांना उमगलं ते उशिरा. मेटॉल काहींच्या कातडीला सोसत नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एकदा सुरू झालं की मग थेंबसुद्धा चालत नाही. फोटोवाल्यांत हा रोग जुना, सगळ्यांना माहीत. आण्णांनाही माहीत असणार. त्यांनी ज्या दिवशी मान्य केलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुण्याहून रबरी हातमोजे आणले, पण जाड मोज्यातनं नानीला खालची फिल्म कळेना. तिनं ते काढून ठेवले. आण्णांनी तिला कोठीत यायची बंदी केली आणि दोन महिने स्वतः धुतलं. दोन महिन्यांत तीन गिऱ्हाइकांना परत बोलावून फोटो काढावे लागले.

मग नानीनं मला धरलं. “तुजी बोटं बारीक हायेत, आन् नखं मी कापते.” बाद झालेल्या जुन्या फिल्म परातीत पाण्यात टाकून तिनं मला भर दुपारी अंगणात शिकवलं. आधी उघड्या डोळ्यांनी, मग डोळ्याला पंचा बांधून. चुकलं की “आरं, भांडतुयास का तिच्यासंगं?” म्हणायची. पावसाळा ते होळी, एवढा काळ गेला. पुढं पुढं साधी कामं मी धुवायला लागलो. नानी दाराच्या आत, माझ्या मागं बसायची, हात पदरात गुंडाळून, आणि ओव्या म्हणायची.

त्या सुमारास धरणाचं पक्कं झालं होतं. उजनीचं काम १९६९ सालापास्नं चालूच होतं, पण काम चालू असणं वेगळं आणि आपल्या उंबऱ्यापर्यंत पाणी येणार हे कळणं वेगळं. नोटिसा आल्या. भिंतींवर चुन्यानं आकडे पडले. नवं गावठाण माळावर आखलं गेलं, ज्या माळावर आम्ही मेंढरंसुद्धा नेत नव्हतो. जमिनीचं कुणाला काय मिळालं, कुणाला काय मिळालं नाही, हा वेगळा लेख आहे. तो लिहायला माझ्याकडं अजून शांत डोकं नाही.

गाव उठायच्या आधीच्या उन्हाळ्यात लोक आण्णांकडं आले. म्हणाले, “आण्णा, गावाचा फोटू काढा.” आण्णांनी आयुष्यभर माणसांचे फोटो काढले होते, तेही रंगवलेल्या बागेपुढं. गावाचा कधी काढला नव्हता. डब्यात सहा फिल्म शिल्लक होत्या. नवीन डबा कधी येईल ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन दिवस नुसतं गावातनं हिंडून सहा जागा ठरवल्या. देवळापुढं सगळं गाव. घाट. चावडी आणि पार. तालीम. नदीपल्याडनं सबंध गावाची ओळ, वर मोकळं आभाळ. आणि सहावी, आमच्या वाड्याचा उंबरा, त्यावर बसलेली माझी आजी. आजीनं तोवर एकही फोटो काढू दिला नव्हता. फोटोनं आयुष्य उणं होतं म्हणायची. त्या दिवशी आपणहून बसली. म्हणाली, “आता उणं व्हायला ऱ्हायलंय काय?”

पहाटे तीनला आम्ही कोठीत शिरलो. मी, आणि मागं नानी. आण्णा बाहेर ओसरीवर. त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, म्हणजे ते बसले नव्हते. मी खाचा चाचपल्या. पहिली फिल्म पाण्यात सोडली. दुसरी. तिसरी. हाताला घाम होता. रोजच्या धुण्यात घाम येत नव्हता. चौथी सोडली. पाचवी आणि सहावी बोटांत एकमेकींना लागून होत्या, आणि माझ्या हातनं दोन्ही एकदम गेल्या.

मागनं नानी म्हणाली, “पाचच वाजल्या. दोन गेल्या का रं येकदम?”

तिला अंधारात आवाजानं कळलं होतं. सहा फिल्म पाण्यात पडल्याचे सहा आवाज यायला पाहिजे होते.

मी म्हणालो, “न्हाय. येक हळू सोडली.”

का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. बाहेर आण्णांच्या चपला वाजत होत्या. तेव्हाच हो म्हणालो असतो तर नानीनं थांबवलं असतं, पाण्यातच दोन्ही सावकाश सोडवल्या असत्या, आणि काही बिघडलं नसतं. साध्या पाण्यात चूक सुधारता येते. पहिलं पाणी त्यासाठीच असतं.

नानी काही बोलली नाही. गड्डी डेव्हलपरमध्ये गेली आणि तिच्या ओव्या सुरू झाल्या. मी फेरे घेत राहिलो. तिसऱ्या फेऱ्यात हाताला जाड लागलं, सहांच्या जागी पाचच सरकत होत्या. मी बोटाच्या पेरानं काठ उचलला, दोन्ही सुटल्या. तोवर ओव्यांचा निम्मा हिशेब संपला होता.

सकाळी दोरीवर सहा फिल्म लागल्या. नदीपल्याडच्या फोटोतलं आभाळ एका काठापासनं दुसऱ्या काठापर्यंत सारखं, नानीच्या हाताचं वाटावं असं. देवळापुढच्या फोटोत माणूस न् माणूस स्वच्छ. पाच फिल्म उत्तम. सहाव्या फिल्मवर, आजीच्या डाव्या खांद्यापासनं भिंतीवर वरपर्यंत, तळहाताएवढा उजळ पट्टा. तिथं वरची फिल्म बसली होती आणि डेव्हलपर पोचलंच नव्हतं. फिल्मवर उजळ, म्हणजे फोटोत काळा.

आण्णांनी ती फिल्म उजेडाकडं धरली. बराच वेळ धरली. मी खांबाला टेकून उभा होतो. नानी आतनं आली, पट्टा बघितला आणि म्हणाली, “डब्यातली शेवटची व्हती ती. जुनी झाली व्हती. म्या तवाच म्हनलं व्हतं तुमास्नी.”

आण्णा म्हणाले, “व्हय, जुनी व्हती.”

नंतर चार दिवस आण्णा खिडकीशी फिल्म टेकवून, टोकदार शिसपेन्सिल घेऊन त्या पट्ट्यावर बारीक बारीक ठिपके देत बसले. नवरीच्या तोंडावरचे देवीचे व्रण याच रीतीनं घालवायचे ते. काळा डाग पुरता गेला नाही, पण राखाडी झाला, भिंतीवर पडलेल्या सावलीसारखा. आजी नव्या गावठाणात पहिला पावसाळा काढून गेली. तिचा तेवढाच फोटो.

नानीला मी खरं सांगितलं ते पंधरा वर्षांनी. ती शेंगा फोडत होती. हात बरे झाले होते, पण कातडी गुळगुळीत, बोटांवरच्या रेषा पुसलेल्या. मान वर न करता म्हणाली, “पाचच वाजल्या व्हत्या. मला का ऐकू येत न्हाई?”

“मग तेव्हाच का बोलली न्हाईस?”

“तुज्यावर इस्वास ठिवायचा का कानावर, येवडंच व्हतं. आन् ह्ये भायेर फिरत व्हतं. तुला अंधारात मारायचं व्हय?”

कट फिल्मचा काळ तोवर सरला होता. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स कारखान्यात १९६७ पासनं उत्पादन सुरू झालं होतं, ‘इंदू’ नावाची फिल्म बाजारात मिळू लागली होती. छोटे रोलचे कॅमेरे आले, रोल धुवायला डबी आली. डबीत फिल्म गुंडाळून घातली, झाकण लावलं की पुढचं सगळं उजेडात, हात न बुडवता. मग रंगीत आलं आणि धुणं घरातनं निघून शहरातल्या लॅबमध्ये गेलं. आण्णांचा सागवानी कॅमेरा एका हौशी माणसानं दिवाणखान्यात ठेवायला नेला. ट्रे कुणी नेले नाहीत. एकात नव्या घराच्या परसात बरीच वर्षं कोंबड्या पाणी पीत होत्या.

धरण १९८० साली पुरं झालं. आता उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. लोक गाड्या घेऊन बघायला येतात, फोनवर फोटो काढतात. आमचंही जुनं गाव तसंच कधीमधी वर येतं, म्हणजे जोत्यांचे दगड आणि चिखल. तिथं उभं राहून पोरांना दाखवायचं म्हटलं तर आण्णांचे ते सहा फोटो हातात लागतात. इथं पार, इथं तालीम, इथं उंबरा. पोरं विचारतात, “पणजीच्या मागं ही सावली कसली?” मी सांगतो, “माझी.” त्यांना ती गंमत वाटते.

सहाही फोटोंच्या पाठीवर आण्णांचा जांभळा शिक्का आहे, आता फिका झालेला. गेल्या दिवाळीत मी ते सगळे खाली काढले आणि प्रत्येक शिक्क्याखाली शिसपेन्सिलीनं नानीचं नाव लिहिलं, पुढं एकच शब्द: ‘धुणार’. सहाव्यावर तिचं नाव लिहिलं नाही, त्यावर माझं.